मालगाडी जाईपर्यंत

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधलं ते टेबल
यार्डापासून दीडशे पावलांवर.
मालगाडी निघाली की पाट्यांच्या पोटात गुरगुर व्हायची,
लाल चेंडू जागच्या जागी शहारायचा.
सुभान तडवी क्यू उचलून घ्यायचा,
टोकाला खडू लावत
डबे मोजायचा. नुसत्या ओठांनी.

चौदाव्या वर्षी मार्कर म्हणून लागला.
साहेबांचे गुण फळीवर सरकवायचे,
हिरव्या कापडावर इस्त्री फिरवायची
लवेच्या दिशेनं, घोड्याच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.
स्वतःचा खेळ सगळे गेल्यावर, अनवाणी.

मग नागपूर, मद्रास.
पेपरात नाव छापून आलं : सुभाष.

कलकत्त्याला, फायनलला,
चारशे अकराच्या ब्रेकवर
पोरानंही मारला असता असा कॅनन समोर,
आणि हा थांबला.
क्यू उभा धरून, मिनिटभर.
पंचानं घड्याळ पाहिलं.
दुसऱ्या दिवशी लिहून आलं, काय हा संयम!
मला म्हणाला, "कशाचा संयम भो,
चार दहाची कोळशाची गाडी जाऊ देत होतो."

टेबल लिलावात गेलं.
त्याची एक पाटी यावल रस्त्यावर
गॅरेजपुढे पायरी झालीय. त्याला सांगितलं नाही.

परवा त्याच्याकडे बसलो होतो.
हात थरथरतो आता, चहा बशीत सांडतो.
मागून लांबलचक काहीतरी निघालं
तसा कप अधांतरी थांबला,
स्थिर. ओठ हलू लागले.

मीही मोजले. अठ्ठावन्न, म्हटलं.
"एकोणसाठ.
गार्डाचा डबा तू कधीच धरत नाहीस."