बारीक अक्षरातली नावं

याकूब बांगी बोटीवर भंडारी होता.
चोवीस माणसांचा स्वयंपाक, बंदर लागलं की सुट्टी.
न्यूयॉर्कला बाकीचे खलाशी घड्याळं बघत फिरत
आणि हा सगळ्यात स्वस्त तिकीट काढून
थिएटरात शेवटच्या रांगेच्याही मागे उभा.
अडीच तास.
"बसायचे पैसे वेगळे," सांगायचा,
"आणि बसून ऐकायची ती गाणी नव्हतीच."

दाभोळला कायमचा परतला तेव्हा
आंब्याच्या खोक्यात, पेंढ्यात निजवलेल्या
एकतीस तबकड्या.
जेटीवर फेरीचा भोंगा झाला की सुई उचलायची,
भोंगा संपला की ठेवायची
तिथंच, त्याच शब्दावर.
हात कधी चुकला नाही त्याचा.

मी नऊ वर्षांची.
बाबांनी जाळ्याचा दोरा आणायला धाडायचं त्याच्या दुकानात
आणि मी दोरा विसरून यायचं.

तबकडीवर गाणारीचं नाव मोठं.
खाली मुंगीएवढी दोन नावं:
एकानं शब्द लिहिले, एकानं चाल बांधली.
याकूबचाचाचं बोट नेहमी त्या मुंग्यांवर.
"आवाज वरून मिळतो, त्यानं पाठ दुखत नाय.
या दोघांची दुखली असेल.
एक खोली, एक पियानो, बशीत राख,
आणि उजाडलं तरी एक शब्द सापडत नाय."

मग अर्थ सांगायचा.
ही बाई खाजणाच्या बांधावर उभी आहे,
नवरा आफ्रिकेला, पाकिटातून नुसते पैसे येतात.
हा म्हणतो, तुझा सुरंगीचा वळेसर सुकला
तरी मी वास विचारायला येईन.
मी विचारायची, यमक कुठाय?
"ऐक गो बाय. शेवटाला नाय, मधे बघ.
ओळीच्या पोटात.
मासळीत गाभोळी असते तशी."

तेव्हापासून जीभ बिघडली माझी.
सुकट घेताना फुकट, कालवणात मालवण.
आई म्हणायची, हिला कुणी बाधलंय.

दापोलीच्या कॉलेजात इंग्रजी घेतलं ते याचसाठी.
दुसऱ्या वर्षी, मांडीवर शब्दकोश,
कान लावून ओळ न् ओळ उतरवली.
खाजण नव्हतंच.
ती बाई टोप्यांच्या दुकानात कामाला
आणि मालकाच्या मिशांवर वैतागलेली.
सुरंगीच्या जागी थकलेलं घरभाडं.
आफ्रिकेला कुणी गेलेलं नाही,
सगळे एकाच गल्लीत राहतात.
यमकं मात्र तिथंच होती, ओळीच्या पोटात,
तो सुई मागे घ्यायचा
नेमक्या त्या जागी.

शनिवारी तणतणत गेले. तो कांदा चिरत होता.
"मला कुठली इंग्लिश? ब्रेड, सूप, येस सर.
पण चाल वर चढते तिथं बाई कायतरी गिळते,
एवढं कळायचं.
काय गिळते, ते मी आपलं आपल्याकडचं घातलं."
मग सुरी ठेवून,
"मिशांवर? खरंच?"
खोकला येईतो हसला.
"मग माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय की त्यानं!"

तो जाऊन अकरा वर्षं झाली.
खोकं माझ्याकडे. पावसाळ्यात बुरशी धरते,
मी मलमलीनं पुसते.
कुणी कुठल्या वयात काय लिहिलं, कोण कुणाशी भांडला,
कुणाची चाल दुसऱ्याच नाटकातून उचलून आणलेली,
सगळं पाठ.
फेरीच्या खिडकीत कुणी विचारत नाही.
दोन मोटारसायकली, एक टेम्पो, शेळी धरून बाई.
तिकिटं फाडते, गुणगुणते.
टोपीवाली मिशांवर कुरकुरत असते
आणि तिच्यामागे, काय करू,
भरतीचं पाणी बांधाला लागलेलं दिसतं.

एकतिसावी तबकडी गळतीत भिजली.
मोठं नाव गेलं, मुंग्याही धुऊन गेल्या.
याकूबचाचा म्हणायचा, हे गाणं
शेवटच्या रांगेमागे उभ्या असलेल्या माणसाचं.
शब्दकोश तिच्यापाशी नेला नाही अजून.
भोंगा झाला की सुई उचलते.
ती मी उभ्यानं ऐकते.