चौरस फूट

मारेगावच्या नगरपंचायतीत
राठोड बाबू चष्म्यावरून विचारते :
लांबी? रुंदी? नालीवर किती इंच येते?
पाटीचा दर चौरस फुटाले.

मी कागदावरच छाटत गेली.
आधी 'गजानन प्रसन्न', तो मनात राहीन,
मंग 'प्रो. प्रा.',
मंग नवऱ्याचं नाव,
तो तसाबी दुकानात येत नाई.

उरलं : पार्बता वेल्डिंग.

"बाईचं नाव? गिऱ्हाईक येईन काय?"
म्या म्हटलं, तुमच्या हापिसाचं फाटक
मंगळवारी कोनं जोडलं?

त्यानं शिक्का शोधला, शाई वाळेल.
तोंडाची वाफ देल्ली, दाबला.

परवान्यावर 'पार्वती' लिवलं हाय.
पाटीवर मी पार्बताच काढीन.
इंच तेवढेच लागते.