उपकरण: इतर

मेस्खेतीच्या डोंगरावर, बीचच्या जंगलात,
वेधशाळेच्या तळघरात काचा आहेत. चौदा हजार.
एका काचेवर एक रात्र,
तपकिरी पाकिटात, वर पेन्सिलीनं तारीख.
मी एकेक काढते, पुसते, स्कॅनरवर ठेवते,
परत पाकिटात घालते.
पगार बेताचा. हात कायम गार.

सारथी तारकासमूहात एक तारा आहे,
नाव नसलेला, नुसता आकडा.
कुठल्याही दुर्बिणीतून पाहा, एकटाच दिसतो.
पण वर्णपट काढला की
त्यातल्या काळ्या रेषा जागेवर राहत नाहीत,
काही वर्षं निळ्याकडे सरकतात, काही वर्षं तांबड्याकडे,
म्हणजे तो आपल्याकडे येतो,
मग पाठ फिरवून निघून जातो.
उगाच कुणी अशा येरझाऱ्या घालत नाही.
शेजारी कुणीतरी आहे.

त्या दुसऱ्याला आजवर कुणी पाहिलेलं नाही.
वजनाचा अंदाज आहे,
पहिल्याला तो किती ओढतो त्यावरून.
दोघांच्या मध्ये एक बिंदू, तिथे धूळही नाही,
आणि दोघे त्या कशातच नसलेल्या जागेभोवती फिरतात.

एकोणीस वर्षांतून एकदा
न दिसणारा दिसणाऱ्याच्या आड येतो.
पाच आठवडे तारा मंदावतो.
रुंदी, कडा, आकार,
जे काय सांगायचं ते तेवढ्यात सांगतो.
एरवी गप्प.

त्र्याण्णव सालच्या ग्रहणाची
एकही काच नाही.
पाकिटं सत्तावीस ऑक्टोबरला थांबतात,
पुढचं पाकीट थेट एप्रिलचं.
वीज नव्हती, घुमट फिरत नव्हता,
कोऱ्या काचा मॉस्कोहून यायच्या,
आता मॉस्को परदेशात होतं.
स्वयंपाकी झाउर अजून सांगतो,
त्या हिवाळ्यात निरीक्षकांच्या खुर्च्या चुलीत गेल्या.
'आधी पाहुण्यांच्या,' असंही सांगतो.

मी धरूनच चालले होते, ते आठवडे गेले.

मग दोनशे बाराव्या खोक्यात, काचेच्या जागी,
एक शाळेची वही निघाली.
मागच्या पुठ्ठ्यावर पाढे.
पुढे नाव: लमारा ग्वेलेसियानी.

'नऊ नोव्हेंबर. रात्री साडेनऊ. उणे अकरा.
पहिल्या शेजाऱ्यापेक्षा दोन पायऱ्या मंद,
दुसऱ्यापेक्षा तीन पायऱ्या तेजस्वी.'
'ढग.'
'ढग. आज पीठ मिळालं.'
'ढग. पायरीपर्यंत अस्वलाची पावलं.'
'दुसऱ्याच्या बरोबरीला आला.'

अंधारातच लिहायची,
ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या.
दिव्यात घालायला तेल नव्हतं.
होतं नव्हतं ते तिनं डोळ्यांत घातलं.

तेवीस आकडे.
मी ते आलेखावर मांडले, एकेक बिंदू.
रेघ उतरत गेली, तळाला टेकली,
आणि तळाच्या ऐन मध्यावर
एका रात्री
थोडी वर आली.
त्या रात्रीच्या नोंदीपुढे लमारानं लिहिलंय:
'डोळा थकला असेल.'
पण आकडा खोडलेला नाही.

बारा साली पुन्हा ग्रहण लागलं.
तोवर ती गेली होती.
परदेशातल्या मोठमोठ्या दुर्बिणी वळल्या,
आणि तळाच्या ऐन मध्यावर उजेडाचा तोच उंचवटा.
त्या दुसऱ्याभोवती धुळीची चकती आहे म्हणे,
मधोमध भोक असलेली,
आमच्याकडच्या कडकडीत पावासारखी.
त्या भोकातून पहिला क्षणभर डोकावतो.
लेखात लिहिलं होतं: प्रथमच आढळले.

आज मी तिचे आकडे भरायला बसलेय.
फॉर्म विचारतो: उपकरण?
वहीच्या पहिल्या पानावर तिनं ते नोंदवलंय,
शास्त्रज्ञ होती,
'झाउरची शिकारीची दुर्बीण.
डोळा डावा. उजव्यात मोतीबिंदू.'

यादी उघडते. वर-खाली करते.
शेकडो नावं, त्यात डावा डोळा नाही.

सगळ्यात खाली एक 'इतर' आहे.
ते निवडते,
आणि पुढची काच पुसायला घेते.