आज शंभर की महिन्याने दीडशे

दिवाडीच्या बांधावर इनास
मानशीच्या फळीवर पाय टेकून बसलेला,
कानामागे विडी.
माझ्या चपलांत खाजनाचा चिखल, हातात फॉर्म.

प्रश्न चौथा. आज शंभर रुपये घ्याल
की महिन्याने दीडशे?

आज, तो म्हणाला. पाणी बघतच म्हणाला.
मी 'अधीर' या रकान्यात खूण केली.
त्याने विडी काढली, पेटवली नाही.
"घाई नाही गो मला. भरती चढायला तीन विड्या लागतात,
उतरायला चार. एकतीस वर्षं मोजतोय.
पण महिन्याने तू येशील, हे कुणी सांगावं?
बांध दुरुस्त करणारेही असाच कागद घेऊन आले होते.
सही घेऊन गेले. तेव्हा आमची फिलू पोटात होती.
आता तिचं लग्न झालं."

यासाठी रकाना नव्हता.

प्रश्न सातवा. नक्की पन्नास घ्याल
की नाणं उडवू? छापा आला तर दीडशे,
काटा आला तर काही नाही.
तो हसला, हसण्यातून खोकला निघाला
आणि बराच वेळ तोच बोलत राहिला.
"सगळ्या वाड्याचं भात या दोन फळ्यांच्या आड,
आणि मी नाणं उडवू?"
पन्नास. मी लिहिलं: जोखीम टाळतो.
दिवसाला विड्या: बावीस.

मग तो एकदम उठला.
बांधाच्या कुशीत अंगठ्याएवढं भोक.
"मांडवी नाही फोडत बांध. कुर्ली फोडते."
चिखलाचा गोळा कोंबला, टाचेने दाबला,
तळव्याने थापटून पाहिलं,
आवाज भरीव आला.
तेव्हा कुठे त्याने विडी शिलगावली.

मला त्याच्या छातीचं विचारायचं होतं.
फॉर्मवर तो प्रश्न नव्हता,
आणि माझ्या पिशवीत, तळाशी,
ओढणीत गुंडाळलेलं पाकीट होतं.
प्रबंध संपला की सोडणार.
हे तिसरं वर्ष.
सोडण्याच्या बाबतीत मी फार सोशिक आहे.

रायबंदरची फेरी डोळ्यांदेखत सुटली.
धक्क्यावर अंधार पडू लागलेला,
लायटर वाऱ्यात दोनदा विझला.
ओंजळ करून तिसऱ्यांदा पेटवताना
दूर बांधावर तांबडा ठिपका दिसला.
दुसरी असेल.
पाणी अजून चढत होतं.