गरमी

रुवीत जुलैमध्ये गरमी कुणाला नसते?
रात्री साडेदहालाही
दुकानाच्या काचेला बाहेरून घाम फुटलेला असतो.
अशा वेळी तो आला.
मागचं गिऱ्हाईक जाईपर्यंत
टूथब्रशांसमोर उभा राहिला,
एकेक ब्रश उलटा करून वाचत.
मग काउंटरशी येऊन हिंदीत म्हणाला,
"दोस्त के लिए. उसको गरमी हुआ है."

अकरा वर्षं औषधं विकतोय मी इथे.
आजारी माणसं माझ्याकडे कमीच येतात,
येतात ते त्यांचे दोस्त.

गरमी.
आमच्याकडे या शब्दाला दोन दारं.
पुढच्या दाराने ऊन येतं, घामोळं येतं,
मागोमाग कोकमाचं सरबत.
मागच्या दाराने जे येतं
त्याचं पत्रक कुडाळ स्टँडच्या मुतारीत चिकटवलेलं,
आणि वाचणारा छताकडे बघतो.

पैसे मोजायला त्याने हात उघडले.
तळव्यांवर तांबूस ठिपके,
जुन्या पैशांसारखे.
मी पाहिले.
मी पाहिले, हे त्याने पाहिलं.

आणि मी पुढचं दार उघडलं:
घामोळ्यांची पावडर, ओआरएसची दोन पाकिटं,
"पानी जास्ती पीने को बोलो."
सुट्टे घेताना तो पुटपुटला, "माका व्हया तां..."
आणि थांबला.
माझ्या गावापासून दोन गावं पलीकडचा माणूस,
मी त्याला शुक्रिया म्हणालो.

महिन्याने खजुराचा डबा घेऊन आला.
"पावडर लागू पडली रे." हात पुढे केले. स्वच्छ.
हा रोग असाच लबाड,
दारावरची पाटी काढतो आणि आतच राहतो.
नाव लवू घाडी. घाल्याला परांच्या बांधतो.
रविवारचं विमान, दोन वर्षांनी घर.
बायकोसाठी अत्तर घेतलंय,
"बघ, वास घे."

बाटली नाकाशी धरली आणि मला गिळवेना.
"लवू, ती घामोळ्यांची होती."
"माका म्हायत हा."

मग बराच वेळ फक्त फ्रीज बोलत होता.

"कंपनीच्या डागदराकडे गेलो तर कागद फोरमनकडे जाता.
बाबल्याचो गेललो.
आठ दिसात तेका घरी धाडल्यानी.
आणि गावात तेच्या आधी कागद पोचलो."

मी बिलाच्या पाठीवर लिहिलं:
हमरिया, दुसरा मजला, गुरुवारी संध्याकाळी.
तिथल्या डॉक्टरीणबाई
नावाच्या आधी दुखणं विचारतात.
रक्त तपासतील. मग सुया. दोन्ही कुल्ल्यांत.
"इतक्याच?"
"बहुतेक इतक्याच."
तो हसला नाही. मीही.
एवढ्याशा सुईसाठी आम्ही दोघांनी महिनाभर
एक शब्द पुढच्या दाराने आत-बाहेर केला.

गुरुवारी अकरापर्यंत शटर अर्धं ठेवलं.
तो आला, कमरेखाली हात दाबत, लंगडत.
दुकानात तिघं होते, एक बाई होती.
"दुखता रे!" तो म्हणाला, मोठ्याने, मालवणीत.
टूथब्रशांकडे गेलाच नाही.

मग काउंटरवर वाकून, हळू:
"बायलेक काय सांगू?
तिचाही रक्त बघूक व्हया म्हणतत."

माझ्यामागे छतापर्यंत औषधं होती.
मी वळून एकेक खोका वाचत राहिलो.