नमुना

बॅनरवर 'गुनवत्ता' छापून आलं.
शाणू माजिकाने रात्री अकरा वाजता शिडीवर चढून
मार्करने ण काढला, मोठ्या पोटाचा,
आणि खाली उतरत म्हणाला,
आता झालं आंतरराष्ट्रीय.

डिचोलीत चौदा देशांचे एकवीस पाहुणे.
मी निवास आणि वाहतूक समितीत,
शिवाय निकष तीनची फाइल,
शिवाय समईचं तेल.
नऊ वर्षं मी इथं तासांच्या हिशेबावर मराठी शिकवते.
तास झाला तर पैसे.
परिषदेचे तीन दिवस वर्ग बंद,
म्हणजे दर्जाची हमी देण्याचे तीन दिवस
माझ्या बिलात शून्य.
तक्रार म्हणून लिहीत नाही.
फाइलमध्ये याला रकाना नाही, इतकंच.

बस येताना फिनलंडच्या बाईंनी विचारलं होतं म्हणे,
या लाल टेकड्या नैसर्गिक आहेत का?
ड्रायव्हर हो म्हणाला.

त्या टेकड्या माझ्या वडिलांनी नापास केलेल्या आहेत.

वडील खाणीवर सॅम्पलर होते.
भरलेल्या बार्जवर चढायचे,
एक फावडं पुढून, एक मागून,
आणि एक, हात कोपरापर्यंत घालून, पोटातून.
वरचं कधीच घ्यायचं नाही, वरचं सगळ्यांना दाखवण्यासाठी असतं.
प्रयोगशाळेत टक्के निघायचे.
अठ्ठावन्नच्या खालचं टाकाऊ.
टाकाऊचे डोंगर झाले, डोंगरांवर बाभळी लावल्या,
मग एक साल असं आलं
की लांबच्या कुठल्या देशाला टाकाऊच हवं झालं
आणि निम्मे डोंगर ट्रकांत बसून जेटीवर गेले.
त्या वर्षी वडील घरात फार बोलले नाहीत.

उद्घाटनात डॉ. कुतिन्हो 'निरंतर सुधारणा' तेरा वेळा म्हणाले.
मी मोजलं, वाऱ्यापासून ज्योत राखत
दुसरं करण्यासारखं नव्हतं.
पडद्यावर चार बाण
एकमेकांची शेपटी धरून गोल फिरत होते.
कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

दुपारी खतखतं वाढून घेताना
केनियाच्या प्राध्यापक वांजिरू
नम्रता झोरेपाशी थांबल्या.
नम्रता, दुसरं वर्ष, स्वागत समिती,
धनगरवाड्यावरून येते, काजूची पाकिटं वाटत होती.
तुझ्या कॉलेजवर तू समाधानी आहेस का?
मी भाषांतराला पुढे सरसावले.
तिने मला हातानेच थांबवलं
आणि एकेक इंग्रजी शब्द तांदळातल्या खड्यासारखा निवडत सांगितलं,
वाचनालय सहापर्यंत उघडं असतं.
माझी शेवटची बस सव्वापाचला.

बाईंनी वही काढली.
तीन दिवसांत कोणी काही लिहून घेताना
मी एवढंच पाहिलं.
प्राचार्यांनी हसत काजू पुढे केले.

अहवाल माझ्याकडेच आला.
हे वाक्य कुठं घालायचं?
भौतिक सुविधांत, की विद्यार्थी साहाय्यात?
घातलं, काढलं, पुन्हा घातलं.
मग ऑफिसातून निरोप आला, प्रतिसाद तक्त्यात द्या.
तक्ता म्हणतो: समाधानी, ब्याण्णव टक्के.
उरलेल्या आठांत
एक बस सव्वापाचला सुटते.

घरी पोचले तेव्हा वडील ओट्यावर बसले होते.
नखांच्या कडांतला लाल रंग
इतक्या वर्षांत गेलेला नाही.
कशी जाली तुजी परिषद?
बरी जाली, मी म्हटलं. खूप बरी. ब्याण्णव.
आकडा ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला,
सवयीनं.

नमुनो खंयसून घेतिल्लो?

मी चपला काढत राहिले.
एक पट्टा निघत नव्हता.
वयल्यान, मी म्हटलं.