नूतनीकरण

धुळ्याच्या आरटीओत, पत्र्याच्या खोलीत
सुपडू तायडे बाकावर अवघडून बसलाय.
बाक शाळेतला, गुडघे मावत नाहीत.

बाविस्कर मॅडम पट्टीनं चित्र दाखवतात:
लाल त्रिकोण, आत काळी वाकडी रेघ.
हे काय?

सव्वीस वर्षं केळी भरून
रावेर ते सोलापूर.
ही रेघ त्याला पाठ आहे.

"कन्नडचा घाट, मॅडम. उतारावरचं सातवं.
इथं दुसरा टाकायचा,
ब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही.
खाली उखाची गाडी आहे अजून.
टायरं तेवढी लोकांनी नेली."

पुस्तकात उत्तर: पुढे उजवे वळण.
नियमानं शून्य.
मॅडम पेन उघडतात, झाकण शोधत बसतात.

मागच्या बाकावरची पोरं
मान खाली घालून
वहीत लिहितात:
दुसरा.